पडदा स्तब्ध का झाला? खोडद, १९ ऑक्टोबर २०१६

संगणकाचा पडदा झोपेतून उठेना की पहिला प्रश्न पडतो: दोष पडद्यात, तारेत की मूळ यंत्रात? जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसमोर हाच प्रश्न एकदा उभा राहिला. तेव्हाचे यंत्र मात्र मंगळावर उतरत होते.

युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेल्ली’ यान १६ ऑक्टोबरला मातृयानापासून विलग झाले व बॅटरी वाचवण्यासाठी तीन दिवस निद्रिस्त राहिले. १९ तारखेला, मंगळाच्या वातावरणात शिरण्याच्या सुमारे सव्वा तास आधी, ते जागे झाले. साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून आलेला त्याचा क्षीण संदेश खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांनी टिपला. झोपेतून उठण्यात तरी काही चुकले नव्हते.

उतरण्याच्या थोडे आधी संदेश तुटला. कान बिघडला, की आवाजच थांबला? मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स एक्सप्रेस’लाही तो पुढे ऐकू आला नव्हता. खोडदचा कान निर्दोष ठरला!

दोष यानातच निघाला. पॅराशूट उघडताच यान जोराने हेलकावले आणि फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर कमाल मर्यादेवर अडकले. त्या आकड्यावरून संगणकाने काढलेली उंची शून्याखाली गेली. जमीन आली असे समजून त्याने पॅराशूट सोडले आणि वेग रोखणारी इंजिने तीनच सेकंद चालवून बंद केली. प्रत्यक्षात जमीन काही किलोमीटर खाली होती. एवढे कळले, कारण उतरतानाची मोजमापे मातृयानाने साठवून ठेवली होती.