खतावलेल्या मातीतले औषध

क्षयावरचे पहिले खात्रीचे औषध सापडले ते शेतकी संशोधन करणाऱ्यांना. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. माणसाच्या रोगांशी त्यांचा संबंध आडवाटेनेच आला. १९३२ मध्ये तिथल्या क्षयनिवारण संघटनेने त्यांच्याकडे एक काम सोपवले: क्षयाचे जंतू मातीत पडले तर त्यांचे पुढे काय होते, ते शोधा. जंतू हळूहळू नाहीसे होतात, असे दिसले. त्यांना संपवते कोण, हा प्रश्न मात्र पुढची कितीतरी वर्षे तसाच पडून राहिला.

संशय घ्यावा असा एक गट होता, अ‍ॅक्टिनोमायसीट. दिसायला बुरशीसारखे धागेदार, पण जात जिवाणूंची. वळवाच्या पहिल्या सरीनंतर सुटणाऱ्या मृद्गंधातले जिऑस्मिन हे द्रव्यही यांचीच करणी. मातीत दाटीवाटीने राहताना हे जीव शेजाऱ्यांना मारक अशी रसायने सोडतात. वॅक्समनच्या प्रयोगशाळेने १९४० मध्ये त्यांतले एक, अ‍ॅक्टिनोमायसिन, वेगळेही केले. पण ते इतके जहाल निघाले की जंतूंबरोबर प्रयोगातले प्राणीही दगावले.

मग आला वॅक्समनचा संशोधक-विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ. वय २३, महिना ४० डॉलर. क्षयाचे जंतू हाताळायचे म्हणून त्याची रवानगी तळघरात झाली. पद्धत साधी होती. बशीतल्या आगरवर मातीतल्या जिवाची एक रेघ ओढायची, तिला काटकोनात रोगजंतूंच्या रेघा ओढायच्या आणि वाट पाहायची. रोगजंतूंची रेघ मधल्या रेघेपाशी पोचण्याआधीच तुटली, तर काहीतरी हाती लागले! १९ ऑक्टोबर १९४३ रोजी राखाडी-हिरवट ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’चे दोन वाण त्याने पक्के केले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातून आलेला. पुढे औषध गाळण्याचे काम रात्रभर चाले. चंबूवर तांबडी खूण करून शाट्झ तिथेच झोपे; द्रव खुणेखाली उतरला की रखवालदाराने त्याला उठवायचे.

औषधाचे नाव स्ट्रेप्टोमायसिन. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना मिळाले. त्याआधीच शाट्झने कोर्टात जाऊन सहसंशोधक म्हणून मान्यता मिळवली होती. नोबेल समितीने तिकडे लक्ष दिले नाही. हा अन्यायच होता.

पाचगणीची हवा आणि सक्तीची विश्रांती यांच्या भरवशावर असलेल्या रोग्यांच्या दृष्टीने हे औषध म्हणजे नवा जन्म होता. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. पण त्याच चाचणीत जंतू औषधाला सरावत असल्याचेही दिसले, आणि मग दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. बहिरेपणाचा धोका होता तो निराळाच.

आपल्याकडे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आधी पेनिसिलिन, मागाहून स्ट्रेप्टोमायसिन. पण कारखाना परक्या कृतीवर थांबला नाही. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्याच एका स्ट्रेप्टोमायसिसपासून बुरशीजन्य विकारांवरचे हमायसिन काढले. त्या जिवाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. गावाचे नाव जिवाणूला मिळण्याचा मान पिंपरीने पटकावला, असे म्हणायला हरकत नाही.

क्षयाच्या नेहमीच्या उपचारातून स्ट्रेप्टोमायसिन आता मागे पडले आहे. मात्र टेट्रासायक्लिनबरोबर ते ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ या नावाने कृषी केंद्रात मिळू लागले आणि डाळिंबावर तेल्या हा जिवाणूजन्य रोग दिसला की बागायतदार त्याची फवारणी करू लागले. फवारलेले सगळे झाडावर राहत नाही, बरेच मातीत उतरते आणि तिथले जिवाणू त्याला सरावतात. माणसाला लागणारे औषध असे बागेत उधळणे परवडणारे नाही. डाळिंबाच्या बागायतदारांनी रोगट फांद्या छाटून जाळणे, बाग स्वच्छ ठेवणे आणि निरोगी रोपे लावणे यांवर आधी भर द्यावा.