वाराचे जेवण आणि मुठीचे धान्य

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख मागितला, तेव्हा मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला सनावळ्या कुठल्या येणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे त्याचाच इतिहास लिहा." मला स्वयंपाकघर ठाऊक आहे आणि भूकही ठाऊक आहे. म्हणून घर सोडून शिकायला निघालेल्या मुलामुलींना आपल्याकडे जेवू कोणी घातले, याविषयी वाचून व वडीलधाऱ्यांना विचारून जे समजले ते येथे लिहीत आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

आधी माझे सांगते. १९९३ साली मी सातवी पास झाले. आमच्या गावी शाळा तेवढीच होती. आई आधीच गेली होती. आठवीसाठी तालुक्याच्या गावी एका खोलीत आम्ही तिघी मुली राहिलो. रविवारी रात्री मी पंधरा भाकऱ्या थापायची आणि डबाभर चटणी कुटायची. सोमवारी पहिल्या एस.टी.ने निघायचे. बुधवारी भाकरी वाळून कडक होई, ती पाण्यात भिजवून खायची. गुरुवार-शुक्रवार चहा आणि चुरमुरे. बाकी दोघींना घरून एस.टी.ने डबा येई. त्या मला देत, पण रोज रोज घ्यायची लाज वाटे, म्हणून "जेवण झालेय" असे मी सांगे. दिवाळीच्या आधी प्रार्थनेच्या रांगेत मला घेरी आली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही. वडील म्हणाले, "पुरे झाले शिक्षण." पहिल्या चाचणीत गणितात मी वर्गात दुसरी आले होते.

पुष्कळ वर्षे मला वाटे की दोष माझाच. पण जुन्या गोष्टी वाचू लागले तेव्हा कळले, की परगावी शिकणाऱ्या मुलाला पहिला प्रश्न पडतो तो पुस्तकाचा नसून जेवणाचा असतो, आणि तो एकट्या मुलाला सहसा सुटत नाही.

पूर्वी पुण्यासारख्या गावी गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. ज्या वारी घर मिळाले नाही त्या वारी उपास. काही मुले झोळी घेऊन माधुकरी मागत. कोठे प्रेमाने वाढले जाई, तर कोठे उरलेसुरले मिळे. पुढे १९०९ साली पुण्यात अशा मुलांसाठी अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. वारावर जेवून मोठी झालेली माणसे पुष्कळ झाली व त्यांची चरित्रेही छापली गेली. परंतु त्यांना रोज ताट वाढणाऱ्या बायकांची नावे कोठे लिहिलेली फारशी सापडत नाहीत.

शिवाय हे दार सर्वांना उघडे नव्हते. कुणब्याच्या मुलाला वार कोण देणार? महारा-मांगाच्या मुलाला तर उंबरठ्याशीही उभे राहता येत नसे. ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या वेळी भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. त्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले असे सांगतात. राहण्याजेवण्याचा आसरा तुटणे म्हणजे काय, ते त्यांना स्वतःला माहीत होते.

पुढे याच भाऊरावांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव मिळाले. तेथे मुले एका पंगतीत बसत, आपला स्वयंपाक आपण करीत, शेतात राबत. इतक्या तोंडांना धान्य पुरवणे सोपे नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पण त्यांनी सर्व जातींची मुले पोटच्या पोरांसारखी सांभाळली. दागिने एकेक करून मोडले, आणि शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या वारल्या. मंगळसूत्राला हात लावताना त्या बाईला काय वाटले असेल, ते आपण बायकाच जाणू शकतो.

लक्ष्मीबाईंसारखा त्याग सर्वांना जमणार नाही. पण त्याच काळची दुसरी रीत सर्वांना जमण्याजोगी होती. ती म्हणजे मुठी फंड. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि साठलेले धान्य मुलांच्या बोर्डिंगाला द्यायचे. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते अशा किती जणींच्या मुठीवर दुसऱ्याची मुले शिकली!

मुलींसाठी मात्र वारही नव्हता आणि माधुकरीही नव्हती. बालविधवेला तर घरीसुद्धा एकवेळच जेवण. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. कॉलेजातले शिकवणे आटोपून ते आश्रमाला लागणारे सामान घेऊन चिखलातून पायी हिंगण्याला जात. शिकणाऱ्या मुलीच्या ताटाची काळजी वाहावी असे त्या काळी किती जणांना वाटले असेल?

आता सरकारनेही पुष्कळ केले आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या मुलांसाठी आहाराची योजना आली. प्रथम घरी न्यायला तांदूळ मिळत; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यावे असा हुकूम केला. परंतु हे जेवण आठवीपर्यंतच आहे. अंगाची वाढ जोरात होते, पाळी सुरू झालेली असते, नेमक्या त्याच वयात ते ताट बंद होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती जरूर घ्यावी. पण नुसत्या गोळीने पोट भरत नाही.

आपल्या गावातही खेड्यातल्या मुली खोल्या करून राहतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री पुन्हा काहीतरी तसेच. त्यांना मी एवढेच सांगते, की थोड्या पैशांत अंगी लागेल असे खाता येते. बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पण हे सारे ठाऊक असून चूल आणि वेळ नसेल तर मुलीने एकटीने काय करावे?

म्हणून या वाढदिवशी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. सात घरांनी सात वार वाटून घ्यावेत. जात विचारू नये, उरलेले वाढू नये, आणि आपल्या मुलीच्या शेजारीच तिचे पान मांडावे. ज्यांना वार जमणार नाही त्यांनी रोज एक मूठ धान्य ठेवावे. माझा गुरुवार मी आजच लिहून देते. तालुक्याच्या त्या खोलीत भाकरी संपायची, तो गुरुवारच असायचा.