श्रीस्थानक आणि कल्याण : नामरूपांची साक्ष

ठाणे या नावाविषयी सर्वसाधारण समज असा की, मूळ नाव 'श्रीस्थानक' असून पुढे त्याचा अपभ्रंश होऊन 'ठाणे' झाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने यात चूक नाही. चूक आहे ती कालक्रमात. उत्तर कोकणातील या दोन नगरांचा प्राचीन इतिहास पाहताना नावाच्या लेखी व बोली रूपांचा भेद ध्यानात न घेतल्यास साधनांचा अर्थ लावताना घोटाळा होतो.

दोहोंपैकी कल्याण अधिक जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपारा व चौल यांच्यासमवेत 'कल्लिएना'चा उल्लेख आहे, ठाण्याचा नाही. थोरल्या सारगनसच्या काळात ही अधिकृत व्यापारपेठ होती. पुढे सँडनेसच्या अमलात तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो ग्रंथ सांगतो. नाणेघाटातून जुन्नरकडे जाणारा मार्ग हा या पेठेचा आधार होता. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. पाण्याचे टाके दान करणारा सामिदत हा सोनार त्यांपैकीच होय. तेथे नगराचे नाव 'कलियण' असे येते. प्राकृतात सामान्यतः अपेक्षित असलेल्या 'कल्लाण'पेक्षा ग्रीक लेखकाचे रूप या 'कलियण'शी अधिक जुळते, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्याने ग्रंथातले नव्हे, बंदरात रूढ असलेले नाव टिपले असावे.

ठाण्याचा उदय शिलाहारांच्या काळातील. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदताना सापडलेला अरिकेसरीचा ताम्रपट शके ९३९ (इ. स. १०१७) चा असून त्यात नगराचे नाव 'श्रीस्थानक' असे आहे. त्याच शतकात, शके ९८२ (इ. स. १०६०) मध्ये, मुम्मुणीच्या राजवटीचा लेख अंबरनाथच्या देवळात कोरला गेला. परंतु या ताम्रपटानंतर अवघ्या दीड दशकाच्या आत अल्‌बिरूनीने कोकणची राजधानी म्हणून 'ताना' हेच नाव दिले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोही 'ताना'च म्हणतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, अरबीत शब्दारंभी जोडाक्षर चालत नसल्याने 'स्थानक'मधील सकार गळाला असेल. परंतु अशा प्रसंगी अरबीची प्रवृत्ती व्यंजन गाळण्याकडे नसून आरंभी स्वर जोडण्याकडे आहे. प्लेटोचा 'अफलातून' झाला तो याच रीतीने. तेव्हा अल्‌बिरूनीच्या कानी आलेले रूप सकारविरहितच होते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. संस्कृत 'स्थानक', प्राकृत 'ठाणअ', मराठी नपुंसकलिंगी 'ठाणें' हा क्रम वर्णविकाराच्या ज्ञात नियमांस धरून आहे. आणि त्यातील सकारलोप अकराव्या शतकापूर्वीच पूर्ण झाला होता.

तात्पर्य, राजा ताम्रपटावर 'श्रीस्थानक' कोरवीत होता तेव्हा रस्त्यावरचा माणूस 'ठाणें' किंवा त्याच्या अगदी जवळचे रूप उच्चारीत असला पाहिजे. 'श्रीस्थानक' हे जुने आणि 'ठाणे' हे नंतरचे नाव नव्हे. एक राजशासनाचे, दुसरे लोकांचे. ही दोन्ही रूपे एकाच काळी नांदत होती. म्हणून एखाद्या लेखातील संस्कृत रूपावरून त्या काळच्या लोकभाषेचे अनुमान करताना अभ्यासकाने परकीय प्रवाशांची साक्षही विचारात घेतली पाहिजे.