स्पर्शिका (निर्देशक भूमिती)

वक्राला एखाद्या बिंदूत स्पर्श करणारी आणि त्या बिंदूपाशी वक्राचीच दिशा दाखवणारी रेषा म्हणजे स्पर्शिका. वर्तुळाच्या स्पर्शिकांचा विचार यूक्लिडने केला. पेर्गाच्या अपोलोनियसने तो अन्वस्त, विवृत्त व अपास्त या शांकव वक्रांपर्यंत नेला. शांकवांवरील त्याच्या आठ खंडांपैकी पहिले चार ग्रीकमध्ये व पुढचे तीन अरबी भाषांतरात टिकले, आठवा हरवला. १६३७ मध्ये रने देकार्तने वक्रांना समीकरणे जोडली, तेव्हा हा प्रश्न बीजगणिताच्या कक्षेत आला : रेषा व वर्तुळ किंवा शांकव यांच्या समीकरणांतून मिळणाऱ्या वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे समान असली, की ती रेषा स्पर्शिका.

विद्यार्थी बहुधा याच वर्गसमीकरणात अडकतो. खरे तर आधी कच्ची आकृती काढावी. क्ष² + य² = २५ या वर्तुळाला (७, १) या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या आहेत असे समजू. बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर √५० आणि त्रिज्या ५, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने स्पर्शिकाखंडाची लांबीही ५. केंद्र, दोन स्पर्शबिंदू व दिलेला बिंदू मिळून चौरस होतो. म्हणजे स्पर्शिका परस्परांना लंब आहेत, हे एकही समीकरण न सोडवता कळते. आता चढ म मानून रेषेचे केंद्रापासूनचे लंबांतर ५ ठेवले, की १२म² − ७म − १२ = ० मिळते. त्यावरून म = ४/३ किंवा −३/४. गुणाकार −१ येतो आणि आकृतीचे म्हणणे पटते. स्पर्शबिंदू (४, −३) व (३, ४); त्यांना जोडणाऱ्या स्पर्शजीवेचे समीकरण ७क्ष + य = २५.

हा योगायोग नव्हे. ज्या बिंदूंतून वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिका परस्परलंब असतात, ते सर्व क्ष² + य² = ५० या वर्तुळावरच असतात. क्ष²/अ² + य²/ब² = १ या विवृत्तासाठी असा बिंदुपथ क्ष² + य² = अ² + ब² हे वर्तुळ असते. अन्वस्तासाठी मात्र तो एक सरळ रेषा होतो, आणि ती रेषा म्हणजे अन्वस्ताची नियता! शांकवांच्या अभ्यासातील हा अतिशय सुंदर निष्कर्ष आहे. सूत्र पाठ करण्याआधी तो स्वतः सिद्ध करून पाहावा.

चढाच्या रीतीत एक त्रुटी आहे : उभ्या रेषेला चढ नसतो. क्ष² + य² = २५ याच वर्तुळाला (५, १०) मधून स्पर्शिका काढताना म² चे पद गळून पडते आणि म = ३/४ ही एकच किंमत हाती येते. दुसरी स्पर्शिका क्ष = ५ ही आहे. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून नेहमी दोन स्पर्शिका निघतात, त्यामुळे एकच चढ मिळाल्यास उत्तर लिहिण्यापूर्वी उभी रेषा तपासावी.