नागपूरचे कॉलेज
१. नागपूरचे कॉलेज : राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय. स्थापना १९५७. नागरी संरक्षण कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, हे नाव मिळाले. अणुहल्ल्यातून बचावाचे धडेही येथे गिरवले जात : किरणोत्सारी धूळ पडू लागली की पक्क्या घरात शिरावे, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, अंगावरचे कपडे उतरवून अंग धुवावे, झाकलेलेच पाणी प्यावे. नागरी संरक्षण दले मात्र गावोगावी उभी राहिली नाहीत. भर राहिला तो मोठी शहरे, बंदरे आणि कारखान्यांवर. मे २०२५ च्या देशव्यापी सरावाच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर होते, गोंदिया नव्हते. गोंदिया जिल्ह्यातल्या कुडव्यासारख्या गावाच्या आपत्तीपूर्व तयारीची जबाबदारी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आहे. — सं.