ॲपगार गुण: बाळाच्या पहिल्या मिनिटाचा हिशोब

डिस्चार्ज कार्डवर ‘ॲपगार ९/१०’ पाहून पालक विचारतात, एक गुण कुठे गेला? बहुधा रंगात. पहिल्या मिनिटाला हातपाय निळसर असणं नेहमीचंच, काळजी नको.

हे गुण न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये मांडले. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतली ताकद, स्पर्शाला प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकी ० ते २. पण नुसत्या नजरेने दिलेले गुण खरे कशावरून? त्यांचे सहकारी डॉ. स्टॅन्ली जेम्स आणि डॉ. डंकन हॉलाडे यांनी नाळेतलं रक्त तपासायला घेतलं. प्राणवायू कमी पडला की रक्तात आम्ल वाढतं. कळांच्या ताणामुळे ते सुदृढ बाळातही थोडं असतं, पण बाळ नीट श्वास घेऊ लागलं की उतरतं. मलूल बाळांत मात्र ते बरंच जास्त निघालं. नवजात बाळाला कमी प्राणवायू चालतो, हा तेव्हाचा समज त्यामुळे डळमळला. अशा बाळाला लगेच श्वास द्यायला हवा, हे आकड्यांनी दिसलं.

१९६० च्या दशकात बर्लिनचे डॉ. एरिक झालिंग आणखी मागे गेले. प्रसूती चालू असतानाच बाळाच्या डोक्याच्या त्वचेतून थेंबभर रक्त घेऊन ते हेच आम्ल मोजू लागले.