लिमाच्या ताटातील इतिहास

पेरूच्या वाङ्मयेतिहासाचा आरंभ ज्यांच्यापासून मानण्याचा प्रघात आहे, त्यांत इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा याचे नाव अग्रभागी असते. जन्म १५३९, कुस्को. आई इन्का राजकुळातील, वडील स्पॅनिश कप्तान. विशीत तो स्पेनला गेला आणि पुन्हा कधीच मायदेशी परतला नाही. १६०९ मध्ये लिस्बन येथे छापलेल्या ‘कोमेन्तारिओस रेआलेस’ या ग्रंथात त्याने आपल्या मातृकुळाचा इतिहास सांगितला. राजांच्या वंशावळी आणि स्वाऱ्या यांच्या जोडीने मका, बटाटा, किन्वा, मिरची यांनाही त्याने जागा दिली आहे. किन्वाविषयी तो लिहितो की आपण मागवल्यावरून तिकडून बियाणे स्पेनला धाडले गेले; पण ते येईतो मरून गेले होते, निरनिराळ्या वेळी पेरूनही उगवले नाही. परदेशी बसून मायभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याचे दुःख मला त्या ग्रंथातील राजवंशाच्या अंतापेक्षाही या न उगवलेल्या बियाण्यात अधिक जाणवते.

मिरचीला केचुआ भाषेत ‘उचू’ म्हणतात. कडक उपासाच्या दिवशी इन्का लोक उचू वर्ज्य करीत, अशी नोंद गार्सिलासोने केली आहे. अळणी उपास ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला हे वाचून ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. गंमत अशी की, आपल्या उपासाच्या ताटातील बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कसावा या चारही वस्तू कोलंबसापूर्वी अमेरिका खंडाबाहेर कोणाला ठाऊकच नव्हत्या. धर्मशास्त्राने त्यांना एवढ्या लवकर पवित्र कसे करून घेतले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

बटाट्याचे माहेर तितिकाका सरोवराच्या परिसरातले. तेथील शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला आणि टिकवण्याची युक्तीही शोधली. रात्रीच्या कडाक्यात बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचे, पुन्हा वाळवायचे. हा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षे टिकतो. पुढे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत राबणाऱ्या मजुरांचे पोट याच चुन्योवर भरले गेले. युरोपात पोचलेल्या चांदीचा हिशेब ठेवणारे कारकून होते. चुन्योचा हिशेब कोण ठेवणार?

आज जगात ‘पेरूचे जेवण’ म्हणून जे गाजते ते मात्र बहुतांशी किनाऱ्यावरचे, लिमाचे आहे, आणि त्यातील बराच भाग सक्तीने वा कराराने आणलेल्या माणसांनी घडवला आहे. गोमांसाच्या हृदयाचे तुकडे मसाल्यात मुरवून काडीला टोचून भाजलेले ‘आन्तिकुचो’ आज शहरभर रस्त्यांवर विकले जातात. मालकाच्या ताटात न जाणारे मांस शिजवून घेणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या हातांशी त्याचे नाते सांगितले जाते. १८५४ साली गुलामगिरी रद्द झाली. तत्पूर्वीच, १८४९ पासून, चिनी मजुरांची आयात सुरू झाली होती. १८७४ पर्यंत सुमारे एक लाख माणसे, बहुतेक मकाव बंदरातून, आठ वर्षांच्या करारावर आली. ती ऊस-कापसाच्या मळ्यांत, रेल्वेमार्गांवर आणि चिंचा बेटांवर ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचे खत, खणण्यासाठी जुंपली गेली. या बेटांवरील जिणे इतके भीषण होते की अनेकांनी आत्महत्या केल्या.

करारात भाताचा शिधा होता. कराराबाहेर पडलेल्यांनी लिमात खानावळी थाटल्या. कापोन गल्लीभोवती चिनी वस्ती वाढली. अशा खानावळीला पेरूत ‘चिफा’ म्हणतात. चिनी भाषेतील ‘जेवणे’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. स्पॅनिशमध्ये आल्याला दुसरा शब्द आहे. लिमाची गृहिणी मात्र ‘किओन’ म्हणते, आणि सोया सॉसला ‘सिल्याओ’. दोन्ही शब्द कँटनी. ‘लोमो साल्तादो’ या पदार्थात गोमांस, कांदा, टोमॅटो आणि पिवळी मिरची यांना मोठ्या आचेवर परतून सिल्याओ घालतात, आणि सोबत तळलेला बटाटा व भात दोन्ही वाढतात. भाषाभ्यासकाने हे ताट एखाद्या शिलालेखासारखे वाचावे.

जपानी लोक १८९९ मध्ये ‘साकुरा मारू’ या जहाजातून आले. पहिल्या तुकडीत ७९० जण होते. मे १९४० मध्ये लिमात त्यांची दुकाने लुटली गेली. महायुद्धाच्या काळात सुमारे अठराशे जणांना पेरू सरकारने अमेरिकेतील छावण्यांत रवाना केले. युद्धानंतर त्यांतील फार थोड्यांना परत येऊ दिले गेले. ‘सेविचे’ हा कच्च्या माशांचा पदार्थ पूर्वी लिंबाच्या रसात तासन्‌तास मुरवीत. आज तो काही मिनिटांत वाढला जातो, आणि या बदलाचे श्रेय जपानी वंशाच्या स्वयंपाक्यांना दिले जाते. २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेशी निगडित परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२५ मध्ये जगातील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत लिमाचे ‘माइदो’ पहिले आले. त्याचा प्रमुख मित्सुहारू त्सुमुरा याच जपानी-पेरुव्हियन समाजातला.

या यशाची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. गास्तोन आकुरिओने १९९४ मध्ये लिमात उपाहारगृह काढले. २००८ पासून ‘मिस्तुरा’ हा खाद्यमहोत्सव भरू लागला. ‘आपण सारे एका ताटात’ अशी भाषा सुरू झाली. याच सुमारास, २००३ साली, सत्यशोधन आयोगाने १९८० ते २००० या काळातील सशस्त्र संघर्षात सुमारे ६९ हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला होता. मृत व बेपत्ता झालेल्यांपैकी चारातील तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी देशी भाषा होती. किन्वाला शहरी जेवणात मान मिळाला. तो पिकवणाऱ्यांची भाषा बोलणाऱ्याला लिमात अजूनही मान खाली घालावी लागते. समन्वय हा शब्द आपल्याकडेही किती सोयीचा आहे, हे येथे सांगायला नको.

कोणी लिमाला गेलेच तर सेविचे दुपारीच खावे. जुन्या सेविचेरिया संध्याकाळी बंद असतात. कापोन गल्लीतील चिफा चुकवू नये. अमेरिकेत असणाऱ्यांनी न्यू जर्सीतील पॅटर्सन गाठावे. तेथे पेरूच्या स्थलांतरितांची मोठी वस्ती आहे आणि भाजलेल्या कोंबडीपासून सेविचेपर्यंत सारे मिळते. पण माझी शिफारस आरेकिपा शहरातील ‘पिकान्तेरिया’ची. या खानावळी परंपरेने बायका चालवतात. लांब बाकांवर अनोळखी माणसे शेजारी बसतात, मक्याची आंबवलेली ‘चिचा’ पितात, आणि आठवड्याच्या प्रत्येक वाराचे सूप ठरलेले असते. सोमवारी ‘चाके’. मंगळवारी ‘चायरो’, ज्यात चुन्यो घालतात.